संवादाचे वीस गुण

सिनेमाला गुण द्यायची सवय मला पेपर तपासण्यातून लागली. निपाणीच्या एका हायस्कूलमध्ये मी गणित शिकवतो. पाहिलेल्या प्रत्येक सिनेमाची माझ्या वहीत एक ओळ असते आणि पाच रकाने: कथा, अभिनय, संवाद, गाणी, छायाचित्रण. प्रत्येकी वीस गुण. अर्धा गुण मी देत नाही आणि दिलेला गुण नंतर खोडत नाही.

सिनेमाची गोडी मला थोरल्या भावानं लावली. आम्ही त्याला अण्णा म्हणतो. तो बेळगावात वडगावला राहतो आणि घरच्याच चार यंत्रमागांवर साड्या विणतो. मी निपाणीला आलो तरी महिन्यातले एक-दोन रविवार बसनं बेळगावला जायचो आणि दुपारचा शो आम्ही दोघं बघायचो. मतं क्वचित जुळली. एका सिनेमात पंधरा वर्षं उलटतात आणि हिरोची धाकटी बहीण सहाच वर्षांनी मोठी होते. मी कथेला चार गुण दिले. अण्णा म्हणाला, "पिच्चर बघायला गेलतास का तिचा दाखला तपासायला?"

अण्णाला ऐकू येत नाही. चाळीस वर्षं मागाच्या खडखडाटात काढल्यावर वडगावात हे नवल नाही. आधी सायकलची घंटी गेली, मग फोन, मग स्वयंपाकघरातून वहिनीची हाक. डॉक्टरांनी तपासणीचा आलेख दाखवला तेव्हा समजावून सांगायची गरज पडली नाही, रेघ उजवीकडे उतरत गेली होती. गेलेलं परत येणार नाही, असं ते म्हणाले. कानाची दोन मशिनं लावून पाहिली. "गोंगाटच मोठा ऐकू येतोय, शब्द न्हाय," म्हणून अण्णानं ती डबीत ठेवून दिली.

तरी काही वर्षं आमचे सिनेमे थांबले नाहीत, कारण मागावरची माणसं तशीही कानानं बोलत नाहीत. माग सुरू असताना कुणाला काही ऐकू येत नसतं; या टोकाचा त्या टोकाच्याशी ओठ हलवून आणि हातवारे करून बोलतो. अण्णाला ओठ वाचता येतात, मराठीही आणि कन्नडही. पडद्यावर तोंड तर पोत्याएवढं दिसतं.

त्याची मतं मात्र बदलली. ती मी वहीत वेगळ्या रकान्यात लिहू लागलो. मिशीवाला हिरो नको, हा त्याचा पहिला नियम. त्यामुळे ऐतिहासिक सिनेमे सगळेच गेले. "अख्ख्या दरबारात एक तोंड दिसंना झालंय," असं म्हणून त्यानं एका मोठ्या गाजलेल्या सिनेमाला शून्य दिलं. मी त्याला एकाहत्तर दिले होते. भुताच्या सिनेमात शेजारच्या बाया किंचाळत होत्या आणि अण्णा माझ्याकडे बघून विचारत होता, "दार उघडलं. बरं, मग?" तेव्हा माझ्या लक्षात आलं की भूत सगळं आवाजात असतं. कोकणातल्या एका कुटुंबावरचा सिनेमा मला फार आवडला होता. त्यातली माणसं भांडताना पाठ फिरवून खिडकीबाहेर बघत बोलतात. अण्णाला ते भांडणच कळलं नाही. एकदा मी त्याला मुद्दाम कमी संवादांचा, बक्षिसं मिळवलेला सिनेमा दाखवला. त्याला झोप लागली. "न बोलणारी माणसं बघायला तिकीट कशाला काढायचं रं?" असं त्यानं बाहेर आल्यावर विचारलं.

एका रविवारी मात्र आम्ही घरी टीव्हीवर एक कन्नड मारधाडपट हिंदीत बघत होतो. हिरो पोलिसाला हिंदीत म्हणाला, "मैं आपका सम्मान करता हूँ." अण्णा खो खो हसायला लागला. पडद्यावरचे ओठ कन्नडच बोलत होते, आणि कन्नडमध्ये त्या हिरोनं पोलिसाचा आईबापासकट उद्धार केला होता. अण्णानं तो शब्दशः सांगितला. वहिनी आतून ओरडली, "अवो, पोरीबाळी हाईत घरात!" ते त्याला ऐकू आलं नाही. त्या सिनेमाला संवादांसाठी मी सहा दिले, अण्णानं एकोणीस.

हे सगळं संपेल असं मला वाटलं नव्हतं. गेल्या वर्षी एक विनोदी मराठी सिनेमा लागला. चित्रपटगृह भरलेलं होतं. लोक हसत होते, अण्णाही हसत होता. मध्यंतरात आम्ही वडे घेऊन उजेडात उभे राहिलो तेव्हा तो म्हणाला, "आता तू एकटाच बघत जा."

"का? बरा न्हाय वाटत?"

"मी पिच्चर बघतोय कुठं? तुझं तोंड बघतोय. तू हसलास की हसतोय."

"कधीपासनं?"

"झाली की दोन वर्सं. आता सगळी भराभर बोलत्यात. एकाचं तोंड बघूपर्यंत दुसऱ्याचं आलेलं असतंय."

मध्यंतरानंतर आम्ही आत गेलो. मला हसू आलं की मी ते आवरत होतो, मग वाटायचं, आवरलं तर त्याला काहीच कळणार नाही, म्हणून हसत होतो. तो सरळ पडद्याकडे बघत होता. त्या सिनेमाचे गुण मी लिहिले नाहीत. मागच्या दोन वर्षांतले अण्णाच्या रकान्यातले आकडेही माझंच प्रतिबिंब होते काय, हे आता तपासता येण्यासारखं नाही.

मी हात टेकले नाहीत. पुढच्या सिनेमाला आधी एकटा गेलो, घरी येऊन प्रसंगाप्रमाणे कोण काय बोलतं ते चार कागदांवर लिहिलं आणि रविवारी अण्णाच्या हातात दिलं. त्यानं ते शांतपणे वाचलं, घडी घातली. "चांगलं लिवलंयस. आता हे वाचल्यावर पिच्चर कशाला?" मोबाईलवर खाली अक्षरं येणारे सिनेमे शोधले. बहुतेकांना इंग्रजी अक्षरं. अण्णाला कन्नड वाचता येतं, मराठी येतं, इंग्रजी येत नाही. मी सिनेमा थांबवून वाक्य सांगायचो, तो मान हलवायचा, परत सुरू करायचो. पंचवीस मिनिटांचा भाग बघायला आम्हाला सव्वा तास लागला. शेवटी त्यानंच मोबाईल उलटा ठेवला. "तुझा घसा बसंल," म्हणाला.

तेव्हापासून मी एकटाच जातो. तो तसा आग्रहच करतो. सिनेमा संपला की मी चालत वडगावला येतो, त्याच्यासमोर उजेडात बसतो आणि सगळी गोष्ट सांगतो. अडीच तासांचा सिनेमा माझ्याकडून दहा मिनिटांत संपतो. इतकी वर्षं गुण देतोय, पण कुठल्या सिनेमात काय चांगलं होतं हे मला सांगता येत नाही, हे त्याच्यासमोर बसल्यावरच कळतं.

मागच्या महिन्यात एका साध्या प्रेमकथेतलं एक गाणं मला विलक्षण आवडलं. कथेत दम नव्हता, पण गाण्याला मी अठरा दिले. अठरा मी फार कमी वेळा दिले आहेत. अण्णा दारापुढच्या ओट्यावर बसून वाट बघत होता. गोष्ट सांगून झाल्यावर त्यानं विचारलं, "गाणी?"

"बरी होती."

"किती दिलंस?"

"नऊ."

आजवर मी त्याला खोटा आकडा सांगितला नव्हता. आपलं काही हुकलं नाही, एवढंच त्याला वाटावं, अशी इच्छा होती.

अण्णा हसला. "नऊ? मग गल्लीच्या तोंडापासनं तोंड हालवत का आलतास? दोनदा तीच ओळ म्हटलीस."

माझा हात तोंडावर गेला.

"म्हण की परत," तो म्हणाला. "सावकाश."

मी त्याच्याकडे तोंड करून ती ओळ म्हटली, गाऊन नाही, नुसती. पहिल्या वेळी त्याला दोन शब्द कळले. दुसऱ्या वेळी सगळी ओळ कळली आणि त्यानं ती मला जशीच्या तशी म्हणून दाखवली, एका सुरात, जरा मोठ्यानं, ऐकू न येणारी माणसं बोलतात तशी.

"शब्द साधंच हाईत की," तो म्हणाला. "चाल कशी हाय?"

मी गुणगुणलो. मग हातानं वर-खाली करून दाखवलं. वहिनी चहा घेऊन आली, ती कप धरून तशीच उभी राहिली. अण्णा अजून माझ्या ओठांकडे बघत होता.