सासूबाईंच्या हातावरची तुळस

निरांजनाची काजळी पुसताना तो वास बोटांना लागतो आणि पिस्कॅटवेच्या अपार्टमेंटमधलं आमचं पहिलं किचन आठवतं. सत्त्याऐंशीचा उन्हाळा असावा. सासूबाई भारतातून आल्या होत्या, आणि शेजारची, सामोआ बेटांवरची नर्स चहाला आली होती. उकाडा म्हणून ती शॉर्ट्समध्येच आलेली. मांड्यांपासून गुडघ्यांखालपर्यंत गोंदलेली काळी, बारीक नक्षी. मी नजर वळवली, पण सासूबाई खुशाल वाकून बघायला लागल्या. "हिला विचार, काजळीनंच गोंदलंय ना? मला दंडावर असं करून मिळेल का?" मी विचारलं. ती हसली, पण मान नकारार्थी हलवली. ही नक्षी आमच्या घराण्याची, म्हणाली, आजीनं परवानगी दिली तेव्हा मला मिळाली, मी परस्पर कशी देऊ? मला वाटलं, सासूबाई दुखावतील. "बरोबर आहे तिचं," म्हणत त्यांनी बांगड्या मागे सारल्या आणि मनगटावर गोंदलेली तुळस तिच्यापुढे धरली. "ही माझ्या आईच्या हातावरची." शेजारीण बराच वेळ बघत राहिली, मग तिनं विचारलं, तुमच्यानंतर ही कोणाच्या हातावर? मी ते मराठीत सांगितलं. सासूबाईंनी माझ्या कोऱ्या मनगटाकडे पाहिलं आणि बांगड्या पुन्हा खाली ओढल्या. परवा माझी नात मॉलमधून दंडावर त्या शेजारणीसारखीच नक्षी गोंदवून आली. कुणाला विचारलंस, म्हटलं, तर म्हणाली, "आस्क हू, आजी?" तिनं ती तुळस मागितली असती, तरी मला आठवून काढता आली नसती.