उलटा बसलेला ऑगस्ट

"विळा डाव्या हातात कसा?" पाद्रीबाबा विचारत होते. मी चर्चच्या बाकांखाली फरशी घासत होते, म्हणजे ऐकू येणारच.

"डावखुरी माणसं नसतात का? माझी आईच होती!" शिडीवरून माझे थोरले दीर एफ्रेम थर्टल गरजले.

"युद्धाआधी उजव्या हातात होता."

"काचेच्या कामात माझा हात चुकत नाही, बाबा!"

सासूबाई चांगल्या उजव्या हाताच्या होत्या. मी पुढच्या बाकाखाली सरकले.

बॉम्बच्या भीतीनं खिडकीतल्या बारा महिन्यांच्या बारा गोल काचा काढून पेंढ्यात ठेवल्या होत्या; दर काचेवर त्या महिन्याचं काम करणारा माणूस रंगवलेला. त्या भावजी परत बसवत होते. फेब्रुवारीतला पाय शेकणारा नीट बसला. ऑगस्टातला गहू कापणारा मात्र घाईत उलटा गेला. रंगवलेली बाजू आत हवी, ती बाहेर, पावसाच्या तोंडावर. शिडी उतरता उतरताच त्यांना कळलं असणार, पण शब्द तोंडातून गेला होता.

तेव्हापासून थेंब वाजला की भावजींनी जेवण अर्धं टाकून टोपी घालायची आणि चर्चच्या भिंतीशी जाऊन वर बघत भिजायचं. "गेले सवतीकडे," जाऊबाई म्हणायच्या. घरात बसले तरी पाय हलत राहायचा.

अशी बावीस वर्षं. ते पाद्रीबाबाही वारले. धूळ पुसताना मला दिसायचं. एका हिवाळ्यात पावसानं त्या गहू कापणाऱ्याच्या भुवया गेल्या, मग तोंड.

शेवटी मीच म्हटलं, "भावजी, यंदा नाक गेलं. आणि सासूबाई पाव कुठल्या हातानं कापायच्या, ते मला ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस, बये?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी नव्या पाद्रीबाबांपुढे चूक कबूल केली, काच काढली, फिरवली. विळा उजव्या हातात आला. गव्हाचा पिवळा रंग काचेच्या मागच्या बाजूला दिलेला, तो इतकी वर्षं आत राहून शाबूत होता. चेहरा मात्र कोरा. पाद्रीबाबांची बायको म्हणाली, नवा रंगवून घेऊ.

"नको," भावजी म्हणाले. "माझ्यामुळे गेलाय. दिसू दे लोकांना."

त्या नोव्हेंबरात ते माझ्या स्वयंपाकघराची तडकलेली काच बदलायला आले. ते त्यांचं शेवटचं काम. मधेच पाऊस लागला. मान वर गेली, पाय दाराकडे वळला, मग परत आला. काचेच्या कडेनं ओली लांबी अंगठ्यानं दाबत दाबत त्यांनी काच पुरी बसवली.

"आठ दिवस हात लावायचा नाही," सगळ्यांना सांगायचे तसं मलाही दरडावून सांगितलं आणि चहाला न थांबता गेले.