तीन बोटं

तोकुजीचा आवाज म्हणजे आवाज होता. कुरिसावाच्या फळबाजारात तो लिलाव पुकारायला उभा राहिला की नदीपलीकडे कपडे वाळत घालणाऱ्या बायकांनाही सफरचंदांचा भाव कळायचा. बोली तुटली की तो टाळी वाजवून ओरडायचा, "गेलं!" आणि पेटी पुढे सरकायची. चाळीस वर्षं त्यानं हेच केलं. निवृत्त झाल्यावर बाजार सुटला, पण आवाज थोडाच सुटतो? तो त्यानं गावच्या हायकू मंडळाला देऊन टाकला.

महिन्यातून एकदा देवळामागच्या खोलीत सात-आठ म्हातारी माणसं जमायची. आधीच ठरलेल्या विषयावर प्रत्येकानं हायकू करायचा, तो कागदाच्या पट्टीवर बिननावाचा लिहून टाकायचा. पट्ट्या पिसायच्या आणि ज्याच्या हाती ज्या येतील त्या त्यानं नव्या कागदावर उतरवायच्या, म्हणजे अक्षरावरून कुणाचं काय ते ओळखू यायला नको. मग एकेकानं आपल्या आवडीचे निवडायचे आणि तोकुजीनं ते खणखणीत वाचायचे. वाचून झालं रे झालं की ज्याचा हायकू असेल त्यानं जागेवरून स्वतःचं नाव पुकारायचं. ज्याचं त्यानंच. दुसऱ्यानं सांगायचं नाही. त्या एका हाकेसाठी ही माणसं महिनाभर झुरायची.

नियमाच्या बाबतीत तोकुजी फार कडक. एकदा टोफू करणारा यासुमी लाजून नाव तोंडातल्या तोंडात पुटपुटला, तर हा सगळ्यांसमोर म्हणाला, "ज्याला स्वतःचं नाव पुकारता येत नाही त्यानं हायकू टाकू नये." यासुमी पुन्हा कधी आलाच नाही. असं बोलू नये माणसानं, पण तोकुजीला तेव्हा कोण सांगणार?

मागच्या हिवाळ्यात त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि सगळी वाचा गेली. एवढ्या मोठ्या आवाजातून एकच शब्द मागे उरला, तो म्हणजे "गेलं". भूक लागली का विचारलं तर "गेलं". पाय दुखतोय का, तर "गेलं". मुलगा शहरातून फोन करायचा, त्यालाही तेच. आपण भलतंच बोलतोय हे त्याला स्वतःला कळायचं. मग तो चिडून भिंतीकडे तोंड करून बसायचा.

त्याची बायको किनुए. तिचं सगळं आयुष्य मुळ्याच्या लोणच्यात आणि अमरफळं वाळवण्यात गेलेलं. शरद आला की तुरट केशरी फळं सोलायची, दोरीला बांधायची आणि वळचणीला माळा टांगायच्या. हायकूचं तिला भारी हसू यायचं. धडधाकट माणूस दुपारभर बोटं मिटत अक्षरं मोजत बसतो, याला काम म्हणायचं का? तोकुजीनं तिला उभ्या जन्मात नावानं हाक मारली नव्हती. "ए" म्हटलं की ती चहा घेऊन यायची. गावाला ती तोकुजीच्या घरची वहिनी, मुलाला आई. दवाखान्यात नंबर लागला की नर्स पूर्ण नावानं पुकारायची, तेवढंच काय ते. त्याचं तिला कधी वाईटही वाटलं नव्हतं, तिथं सगळ्यांच्याच घरात हे असं असतं.

दवाखान्यातल्या वाचा शिकवणाऱ्या बाईंनी तिला एक युक्ती सांगितली. रोज सकाळी त्यांना एक शब्द द्या, त्यावर त्यांना सुचेल ते डाव्या हातानं लिहू द्या. बोटं मिटून अक्षरं मोजायची त्यांना सवय आहे ना? मग बोलतानाही तसंच करवून घ्या, एका अक्षराला एक बोट. कधीकधी बोटांमागून जीभ येते.

झालं, किनुएच्या मागे नसतं शुक्लकाष्ठ लागलं. रोज नवा शब्द आणायचा कुठून? पहिल्या आठवड्यात तिनं स्वयंपाकघर पालथं घातलं. कॅलेंडरचं कालचं पान फाडून त्याच्या मागे ती लिहायची. मीठ. मिसो. चमचा. झाकण. चौथ्या दिवशी 'झाकण' या शब्दाखाली काही न लिहिताच तोकुजीनं पेन्सिल फेकली आणि खिडकीबाहेर बोट दाखवलं. ऋतू हवा होता साहेबांना.

"बाहेर काय आहे? कुंपण आहे," किनुए म्हणाली. पण गेली बाहेर.

आणि मग तिला जे दिसायला लागलं त्याचं काय सांगावं! लाल चतुर दोरीवरच्या चिमट्यांवर येऊन बसत होते, एकेका चिमट्यावर एकेक. शरदात फुलणाऱ्या केशरी फुलांचा गोड वास कोपऱ्यावरून येतो असं ती इतकी वर्षं धरून चालली होती, पण ते झाड होतं चांगलं तीन घरं पलीकडे. उरलासुरला डास अंगावर बसला तरी त्याला चावायचं त्राण नसायचं. तिनं एकाला मारायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. घरी येऊन पानामागे लिहिलं, शरदातला डास. तोकुजी ते वाचून हसला. झटक्यानंतर पहिल्यांदा हसला तो. किनुए मोरीत जाऊन पदरात तोंड खुपसावं तशी टॉवेलात तोंड खुपसून रडली.

सप्टेंबर सरता सरता शिमेनो आजी काठी टेकत आली. ही मंडळाची प्रमुख. आयुष्यभर सुइणीचं काम केलेलं, निम्मं गाव तिच्याच हातावर जन्मलेलं, त्यामुळे कुणाचीच भीडभाड नाही. ती तोकुजीला म्हणाली की तुझ्या जागी इसाओ न्हावी वाचतो आणि त्याचा आवाज ऐकून मला दाढ काढल्यासारखं वाटतं, तेव्हा नोव्हेंबरच्या बैठकीला मुकाट्यानं ये. विषय आहे, पाखरं. तोकुजीनं नाही म्हणून मान हलवली, ओठांवर बोट ठेवलं आणि हात झटकला.

आजीला कळलं नाही, किनुएला बरोबर कळलं. यासुमीला फेकून मारलेला शब्द आता याच्याच घशात अडकला होता. नाव पुकारता आलं नाही तर हा त्या खोलीत पाऊल टाकणार नाही. आणि त्या खोलीशिवाय या माणसाला जगात दुसरं काय होतं? हा असाच भिंतीकडे तोंड करून संपायचा. त्या दिवसापासून किनुएनं मनावर घेतलं.

चहा झाला की ती त्याचा डावा हात आपल्या हातात घ्यायची आणि एकेक बोट मिटायची. तो. कु. जी. तोकुजी घामाघूम व्हायचा आणि शेवटी म्हणायचा, "गेलं." ती म्हणायची, गेलं तर जाऊ दे, पुन्हा. आधी नुसतं "तो" आलं. मग बरेच दिवस "तोकु"वर गाडी अडली. फळं सोलायचे दिवस आले तेव्हा किनुए सोलायची, तोकुजी दोरीचं एक टोक दातात धरून डाव्या हातानं गाठी मारायचा आणि काम करता करता "तोकु, तोकु" करत राहायचा. ती म्हणायची, कोंबड्या गोळा करताय का? एका सकाळी "जी"ही आलं, चांगलं ठणठणीत. वळचणीला माळा लागून गेल्या होत्या आणि त्यांच्या केशरी उजेडात नवराबायको दोघं वेड्यासारखी हसत बसली.

पुढेही तो पायरीवर एकटा बसून बोटं मिटत पुटपुटत राहायचा. ती जवळ आली की गप्प व्हायचा. नाव पक्कं करत असेल, असं समजून ती आपल्या कामाला लागायची.

मागच्या अंगणातलं अमरफळाचं मोठं झाड तेवढं राहिलं. दर वर्षी तोकुजी शिडी लावून शेंड्यापर्यंत फळं उतरवायचा आणि एकच फळ पाखरांसाठी ठेवायचा. यंदा किनुएनं खालून हात पुरला तेवढी काढली. वरची फांदी तशीच राहिली आणि शिडी गवतात आडवी पडून होती. काही दिवसांत त्या फांदीवर पाखरांची जत्रा भरली. सकाळी दोघं चहा पीत ती बघायची. किनुएला वाटायचं, आपलं एवढं नुकसान झालं आणि मला इतकं बरं का वाटतंय? कितीतरी शरद या अंगणातून गेले आणि आपण लोणच्यात हात घालून बसलो. हा पडला म्हणून एक तरी दिसला. देवा, तुझे उपकार कसले विचित्र असतात.

बैठकीला ती त्याला हाताला धरून घेऊन गेली आणि मागे चहाच्या किटलीपाशी बसली. शिमेनो आजीनं तिच्यापुढे कोरी पट्टी सरकवली. "वहिनी, रिकाम्या बसू नका. एक टाका." ती नको नको म्हणत राहिली, पण म्हातारी पट्टी परत घेईना. किनुएनं पाठ वळवून बोटं मोजली, काहीतरी लिहिलं आणि पट्ट्यांच्या ढिगाखाली सारून दिलं.

तोकुजीची पट्टी तिनं घरीच वाचली होती.

पाखरे आली
माझ्या आधी बोलली
चहा निवला

मला विचाराल तर चांगला होता. पण उतरवून काढलेल्या कागदावर तो इतर हायकूंसारखाच एक झाला. तिथं कुणाला दया दाखवायची म्हटली तरी दाखवता येत नाही, कारण कुणाचा कुठला ते कुणालाच ठाऊक नसतं. इसाओ न्हावी आपल्या बारीक आवाजात एकेकाची निवड वाचू लागला. इकडून तिकडून नावं उठत होती. तोकुजी पाठ ताठ करून बसला होता, डावा हात गुडघ्यावर, बोटं तयार. किनुए पाहुणी, तिला निवडायचा हक्क नव्हता. असता तर तिनं लाजलज्जा गुंडाळून ठेवून त्याचाच निवडला असता. निवडणारी माणसं संपत आली. तोकुजीचा हायकू काही वाचला गेला नाही.

राहिली फक्त शिमेनो आजीची निवड. तिनं तीन निवडले होते. पहिला इसाओचाच निघाला. दुसरा कुणा मास्तरांचा. किनुएचा जीव टांगणीला लागला. एक, एकच राहिलाय. इसाओनं कागद डोळ्यांजवळ नेला.

यंदा पाखरां
अख्खी फांदी राखली
शिडी निजली

"गेलं," तोकुजी हळूच म्हणाला.

किनुएनं हायकू ऐकताक्षणी ओळखला. हा तिचा होता. कुठून बुद्धी झाली आणि टाकला! सगळा शरद त्या माणसानं एका नावासाठी घाम गाळला आणि शेवटची जागा आपण पळवली. तिनं खाली मान घातली. बोलायचंच नाही. कुणी बोललं नाही तर कागद पुढे जाईल, आणि कधी कुणाला कळणारही नाही.

खोलीत सगळे एकमेकांकडे बघू लागले. मास्तर म्हणाले की ज्यानं अख्खी फांदी पाखरांना दिली तो मोठ्या मनाचा माणूस असला पाहिजे. कसलं मोठं मन, किनुएच्या मनात आलं, चढायला माणूस नव्हता! पण तिनं तोंड उघडलं नाही. इसाओनं पुन्हा एकदा हायकू वाचला आणि थांबला.

तेव्हा तोकुजी हलला. गवतात पडलेली ती शिडी त्याच्या ओळखीची होती. त्याचा डावा हात गुडघ्यावरून उठला. एक बोट मिटलं. किनुएनं मान वर करून पाहिलं. हा स्वतःचं नाव घेणार, दुसऱ्याचा हायकू आपला म्हणणार, तोही चारचौघांत!

"कि," तोकुजी म्हणाला.

दुसरं बोट मिटलं. "नु."

तिसऱ्या बोटाला वेळ लागला. कुणी त्याला मदत केली नाही, आणि ते फार चांगलं केलं.

"ए."

आणि मग बोटं सोडून, बाजारात पुकारावं तसं, एका दमात, "किनुए!"

मास्तरांनी शेजारच्याला विचारलं, किनुए कोण? त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. शिमेनो आजी तेवढी हसत होती. तिनं काठी जमिनीवर आपटली.

"नियम मोडलास, तोकुजी. ज्याचं त्यानं सांगायचं." आणि मागे वळून म्हणाली, "ज्यांचा आहे त्यांनी नाव पुकारावं. आम्ही थांबलोय."

किनुए किटलीपाशी उभी राहिली. तिला वाटलं आवाज फुटणार नाही. पण सगळा शरद तिनं एका माणसाला नाव पुकारायला शिकवलं होतं, तेव्हा रीत तिला पाठ होती. तिनं एप्रनाच्या आड एकेक बोट मिटलं आणि आपलं नाव सांगितलं.

घरी जाताना तोकुजी तिचा खांदा धरून चालत होता. देवळाच्या उतारावर तिनं विचारलं, पायरीवर बसून रोज बोटं मिटत होतात ते हेच का? तो नुसता पुढे बघत चालत राहिला, कान लाल झालेले.

त्याचं नाव तिनं त्याला शिकवलं होतं. तिचं त्याला कुणीही शिकवलं नव्हतं.