रावसाहेबांच्या हॉलमधलं इंजिन

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी दुरुस्त करायला मनाई आहे. सेक्रेटरी या नात्याने हा नियम मीच करून घेतला, कारण रावसाहेबांनी सांडलेल्या ऑइलवरून माझी स्कूटर घसरली होती. रावसाहेबांनी नियम शांतपणे वाचला आणि पुढच्याच रविवारी चार हमाल लावून आपल्या जुन्या फियाटचं इंजिन दुसऱ्या मजल्यावर हॉलमध्ये नेलं. "नियमात फक्त पार्किंगचा उल्लेख आहे, आमोदराव," ते मला जिन्यात म्हणाले. "आणि जरा सरका, वजन आहे."

मी पहिल्या मजल्यावर, बरोब्बर त्यांच्या हॉलखाली राहतो.

रावसाहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. उभी हयात कालव्यांच्या कडेने चालण्यात गेली, मोटारीच्या इंजिनाशी कधी संबंध आला नाही. पण निवृत्तीनंतर त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ बघायला सुरुवात केली आणि आमच्या कर्वेनगरची शांतता संपली. टीपॉयच्या जागी लोखंडी घोडी आली, तिच्यावर इंजिन. पेट्रोलची बाटली घड्याळाच्या खिळ्याला सलाइनसारखी लटकवलेली. धुराचा पाइप गॅलरीतून बाहेर काढलेला, त्यामुळे वरच्या दुर्गाबाईंनी दोरीवर साड्या वाळत घालणं सोडून दिलं. मोठा कार्ब्युरेटर आला, हेड घासूनपुसून चकाचक झालं, इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसलं. माझा पंखा त्या दिवसापासून बंद असतानाही हलायला लागला.

ॲक्सिलरेटरचं पेडल सोफ्यासमोर ठेवलं होतं. सोफ्यावर त्यांच्या पत्नी सुशीलाबाई मटार सोलत बसायच्या आणि रावसाहेब म्हणतील तेव्हा पायाने पेडल दाबायच्या. मी तक्रार घेऊन वर गेलो की त्या मला चहा द्यायच्या, पाय मात्र पेडलवरच.

गाडी खरी सुशीलाबाईंची. म्हणजे त्यांच्या वडिलांची, आप्पांची. आप्पांचा मंडईत फळांचा गाळा होता. ही फियाट घेऊन ते रोज गाळ्यावर जायचे. सुट्टीत मुलांना बरोबर न्यायचे, पण पुढे बसायचा मान भावाचा, सुशीलाबाई मागे पेरूच्या टोपल्यांमध्ये. गाडी शिकवा म्हणाल्या तर आप्पा नुसते हसले होते. "ते हसणं अजून राग आणतं बघा," त्या मला म्हणाल्या. "मला एकदा ही गाडी स्वतः चालवत मंडईत न्यायचीय. बास. मग भंगारात घाला."

रावसाहेबांनी तसा शब्दही दिला होता. फक्त ट्यूनिंग पूर्ण व्हायचं होतं. ट्यूनिंग पूर्ण केव्हा? तर चालू इंजिनावर पाच रुपयांचं नाणं कडेवर उभं राहील तेव्हा. ते नाणं रोज पडायचं. पडलं की रावसाहेब स्क्रू पाव आटा फिरवायचे आणि पुन्हा उभं करायचे. खाली गाडी पोकळ उभी. कुत्री तिच्याखाली झोपून म्हातारी झाली. मी एकदा वैतागून विचारलं, "रावसाहेब, नाण्याला मंडईत जायचंय की वहिनींना?" त्यांनी मला पाना आणायला पाठवलं.

सुशीलाबाई गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हेत. भाजीला जाते असं सांगून त्या ड्रायव्हिंग स्कूलला जायला लागल्या. येताना कोपऱ्यावरून जी मिळेल ती भाजी उचलायच्या. महिनाभर त्या घरात सुकलेली गवार शिजत होती आणि रावसाहेबांना पत्ता नव्हता. लायसन्स आलं तेव्हा त्यांनी ते पहिल्यांदा मला दाखवलं, कारण घरात बघायला कुणाला सवड नव्हती.

नवरात्रात त्यांनी विषय काढला. खंडेनवमीला गाडीची पूजा करायची, आणि इंजिन नसलेल्या गाडीची पूजा करणं अशुभ. असं शास्त्रात कुठे आहे हे मलाही माहीत नाही, पण रावसाहेब घाबरले. हमाल परत आले. आदल्या दिवशी इंजिन खाली गेलं आणि ओळखीच्या मेकॅनिकने ते गाडीत जोडलं. पार्किंगमध्ये. मी माझ्याच नियमाकडे पाठ करून उभा राहिलो.

"पूजा झाली की परवा परत वर," रावसाहेब म्हणाले.

नवमीला सकाळी ते आंघोळीला गेले आणि सुशीलाबाईंनी घरातला एकूण एक पाना, स्क्रूड्रायव्हर, पक्कड पाटावर मांडून त्यावर हळदकुंकू वाहिलं. वर झेंडू. ते नाणंही लक्ष्मी म्हणून मध्यभागी. रावसाहेब टॉवेलवर बाहेर आले आणि पाटासमोर थिजले. पूजेला मांडलेल्या हत्याराला उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नाही, हे त्यांच्या आईने त्यांना चापटी मारून शिकवलेलं.

"अगं, पण गाडी अजून..."

"असू दे. आहे तशी नेते. शर्ट घाला."

मलाही बोलावणं आलं. बॅटरीचा भरवसा नव्हता, ढकलायला माणूस हवा होता. मी मागे बसलो. सुशीलाबाईंनी सीट पुढे ओढली, पदर खोचला आणि गाडी एका किल्लीत सुरू झाली. कर्वे रस्त्याने त्या इतक्या सरळ चालल्या होत्या की मागचे रिक्षावाले शिव्या द्यायलाही कचरत होते. रावसाहेब मात्र दर मिनिटाला, "थांब, काहीतरी टिकटिकतंय," म्हणत होते.

डेक्कनच्या सिग्नलला ते उतरलेच. बॉनेट उघडून आत कान घातला. सिग्नल हिरवा झाला. मागे हॉर्नांचा गदारोळ. हवालदार ओरडला, "ओ काका, झाकण लावा आधी!" त्यांनी झाकण लावलं.

आणि सुशीलाबाई निघाल्या.

"वहिनी, रावसाहेब राहिले!" मी ओरडलो.

"माहितीय मला. थांबले तर आज पोचत नाही मी."

मागच्या काचेतून मी पाहिलं. रावसाहेब भर रस्त्यात उभे होते. आम्ही पुलाला लागलो तरी ते तसेच, गाड्या दोन्ही बाजूंनी जात असताना, आमच्याकडे तोंड करून.

मंडईत झेंडूचे ढीग होते, पाय ठेवायला जागा नव्हती. सुशीलाबाईंनी गाडी थेट हारांच्या टोपल्यांसमोर उभी केली. गाडी बंद करून त्या स्टिअरिंग धरून बसल्या. "आणली हो आप्पा," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मला काय करावं कळेना, मी खिडकीतून चार हार विकत घेतले.

तेवढ्यात रिक्षातून रावसाहेब उतरले. आता इथे महाभारत होणार, असं मला वाटलं. पण ते बॉनेटकडे गेलेच नाहीत. खिडकीशी आले.

"बंद का केलीस? सुरू कर, एक चक्कर मार."

"का? अजून टिकटिकतंय?"

"मला बघायचंय," रावसाहेब म्हणाले. "तू चालवताना. मघाशी नुसता आवाज ऐकत बसलो गं."