तात्यांचं नळाचं पाणी

पाहुणा आला की तात्या स्वतः उठून नळाचं पाणी भरायचे, पेला खिडकीच्या उजेडात धरायचे आणि मगच हातात द्यायचे. घाटकोपरच्या आमच्या इमारतीत ते शेजारच्या घरात राहत. रस्त्याखालच्या पाण्याच्या लाइनचे व्हॉल्व्ह लांब चावीनं उघडण्यात-बंद करण्यात त्यांची सारी नोकरी गेली, म्हणून निवृत्तीनंतरही सगळे त्यांना चावीवाले तात्याच म्हणत.

बाटलीबंद पाण्याचा त्यांना राग नव्हता, हसू यायचं. कुणाच्या दारात वीस लिटरचा जार दिसला की मालवणीत म्हणायचे, "ह्यांका तान नाय, भय लागता." म्हणजे यांना तहान नाही, भीती लागते. सुनेनं एकदा जारचा विषय काढला तेव्हा, आपल्या घरात तो येणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. पुन्हा तिनं विचारलं नाही.

दोन वर्षांपूर्वी सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीला तडा गेला आणि गटाराचं पाणी आत झिरपू लागलं. नळाला पाणी स्वच्छच दिसत होतं. तात्यांची सात वर्षांची नात, सई, काविळीनं आडवी झाली. सून एका शब्दानं बोलली नाही. "बोलली असती तर बरं झालं असतं रे," तात्या मला म्हणाले.

सई बरी झाली. टाकी नव्यानं बांधली, पाणी तपासून घेतलं, अहवाल चांगला आला. त्याची प्रत घेऊन तात्या दारोदार फिरले. आमच्याकडे आले तेव्हा ओट्याशेजारी जार होता.

"अहवाल वाचलास?"

"वाचला, तात्या. पाणी चांगलं आहे."

"मग?"

मी आत खेळणाऱ्या माझ्या मुलीकडे पाहिलं. ते म्हणाले, "पोरगी लहान आहे तुझी. राहू दे." पुढच्या घरी ते गेलेच नाहीत.

त्यानंतर एका दुपारी सईनं त्यांच्या हातातला नळाच्या पाण्याचा पेला काढून घेतला. आजोबा आजारी पडतील, एवढंच तिचं म्हणणं होतं. तात्या तिच्यासाठी आणलेल्या सीलबंद बाटलीतलं पाणी प्यायले. जारबद्दल ते पुन्हा कधी बोलले नाहीत.

या वर्षी होळीच्या आधी एका सकाळी त्यांना घरघर लागली. मला हाक मारून मुलगा डॉक्टरला आणायला धावला होता. तोंडात पाणी घालायला सून वाटी घेऊन ओट्याशी गेली आणि थबकली.

"भाऊजी, नळाचंच घालू ना?"

मी नळाजवळ उभा होतो. हो म्हणायचं होतं फक्त. सई दारातून आमच्याकडे बघत होती.

मी ओट्यावरच्या सईच्या बाटलीचं सील तोडलं आणि वाटी भरून दिली.