अण्णांचा हात आणि ह्यांचं मत

अगो, अशी दारात काय उभी पाहुणीसारखी? इकडे ये, झोपाळ्यावर माझ्याजवळ बस. दिवाळीला येते म्हणालीस आणि शिमगा उलटल्यावर तोंड दाखवत्येस! मुंबई काय विलायतेत आहे? आणि ते पातळ आधी पिळून टाक, गुडघ्यापर्यंत चिखल! वर मलाच विचार, "काकू, पलीकडच्या गावाला केवढा छान धक्का बांधलाय, मग आपल्याकडे का नाही?"

आपल्याकडे धक्का नाही, कारण तुझ्या काकांनी विधानसभेत स्वतःच मांडलेल्या ठरावाविरुद्ध मत दिलं.

हसू नकोस. तुझे काका तेव्हा नवेकोरे आमदार. रेवदंड्याच्या खाडीच्या अल्याड आपलं गाव, पल्याड माझं माहेर. लाँच मध्येच थांबायची. तिच्यातून पडावात उतरायचं, पडावातून चिखलात, आणि चिखलातून नशीब असेल तर घरी! मी नवी नवरी म्हणून आले तीच मुळी चिखलात बसकण मारून. सासूबाईंनी ओवाळलं खरं, पण आत सून आहे की गणपतीची माती, हे त्यांना कळेना. त्याच दिवशी ह्यांनी मला शब्द दिला, "तुझ्यासाठी इथे धक्का बांधीन." (लोक बायकोला पाटल्या करतात. आमच्यात धक्का!)

म्हणून निवडून आल्या आल्या ह्यांनी धक्क्याचा ठराव आणला. भाषणाची तालीम आपल्या वाडीत, पोफळींसमोर. पोफळी एका पायावर उभ्या राहून ऐकायच्या, एकीनेही कधी हरकत घेतली नाही. विधानसभेत मात्र हरकत घ्यायला माणूस होता. तो माणूस म्हणजे माझे वडील!

हो, अण्णाही आमदार. पलीकडच्या काठाचे आणि विरुद्ध पक्षाचे. सरकार बांधणार एकच धक्का, तेव्हा अण्णांचं म्हणणं, तो आमच्याच काठाला हवा. सभागृहात सासरे-जावई एकमेकांवर असे तुटून पडत की ऐकणाऱ्याने कानांवर हात ठेवावेत. आणि संध्याकाळी दोघे मी पाठवलेल्या एकाच डब्यातलं वालाचं बिरडं खात बसत!

ठराव मताला यायच्या सुमारास अण्णांच्या डोळ्यांतला मोतीबिंदू काढलेला. काळा चष्मा लावायचे, आणि समोरचा माणूस म्हणजे नुसती सावली. डॉक्टर म्हणाले, घरी बसा. अण्णा म्हणाले, "मत द्यायच्या दिवशी घरी बसायला लोकांनी मला निवडून दिलंय होय?" पण दिसत नाही हे बाहेर कुणाला कळता कामा नये! कळलं असतं तर पुढच्या खेपेला पक्षाने दुसराच उमेदवार शोधला असता, आणि अण्णांचा तर सभागृहात जीव. आई रडकुंडीला आली. मग मी ह्यांना दम भरला.

"सभागृहात अण्णांचा हात सोडायचा नाही. पडलेबिडले तर याद राखा!"

"अगं, ते समोरच्या बाकांवर बसतात."

"मग उठले की धरायचा."

"आणि माझं मत?"

"मत जातंय कुठे पळून? अण्णांचं हाड मोडलं तर?"

(ह्यात मी काय वावगं बोलले, तूच सांग!)

मतदान पाहायला मी वर गॅलरीत. शिपायाने बजावलेलं, टाळ्या नाहीत, हातवारे नाहीत, बोलणं नाही. म्हणजे मी तिथे असून नसल्यासारखीच. अध्यक्ष म्हणाले, "अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे." होयचा गलका झाला. "प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावे." नाहीचा गलकाही तेवढाच, त्यात अण्णांचा आवाज सगळ्यांच्या वर. आवाजावरून निवाडा होईना, तेव्हा डोकी मोजायचं ठरलं. म्हणजे कसं, घंटा वाजते, होयवाले उजवीकडच्या दालनात जातात, नाहीवाले डावीकडच्या, आणि दारं लावून माणसं मोजतात.

घंटा वाजली. जो तो उठला. अण्णाही उठले आणि पायरी चुकून धडपडले! तशी आमचे हे धावत गेले आणि त्यांनी अण्णांचा हात धरला. माझा जीव भांड्यात पडला. काय गुणाचा नवरा, म्हटलं! डोळे भरून आले. पदराने पुसून बघते तो काय, गुणाचा नवरा अण्णांना पायऱ्या दाखवत, सांभाळत सांभाळत डावीकडच्या दाराशी पोचलेला!

मी ताडकन उभी राहिले. पण हाक काय मारू? नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, आणि उखाण्याला वेळ नव्हता. ओरडले, "अहो!"

निम्मं सभागृह वर बघायला लागलं. प्रत्येकाला घरून तीच हाक येत असणार ना! बघितलं नाही ते फक्त ह्यांनी.

"बाई, खाली बसा नाहीतर बाहेर चला," शिपाई.

"अरे, तो माझा नवरा आहे!"

"ते घरी सांगा त्यांना."

खाली दार बंद झालं.

आतली हकीकत अण्णांनी मागाहून सांगितली.

"जावईबापू, तुम्ही इथे? माझ्या भाषणाने मतपरिवर्तन झालं की काय?"

"नाही अण्णा, तुमचा हात..."

"मग सोडायचा होतात की तो दारात!"

"सोडायचा नाही असं बजावलंय."

"कुणी?"

"तुमच्या मुलीने."

"मग धरूनच ठेवा!" अण्णा लगेच म्हणाले म्हणे. मला लहानपणापासून ओळखत होते!

बरं, चूक सुधारायची सोय असते. निकाल सांगायच्या आधी उभं राहून, भलत्या दालनात गेलो, म्हणायचं. हे उठलेही. अध्यक्षांनी विचारलं, "चूक कशी झाली, सन्माननीय सदस्य सांगतील का?" ह्यांनी समोरच्या काळ्या चष्म्याकडे बघितलं. खरं सांगावं तर अण्णांचे डोळे चव्हाट्यावर येणार. "काही नाही, अध्यक्ष महाराज," म्हणाले आणि खाली बसले.

ठराव पडला. एका मताने!

घरी सासूबाई म्हणाल्या, "आमदार म्हणून माझा मुलगा कसा का असेना, जावई म्हणून सोनं हो!" मासेवाली जनी टोपली उतरवत म्हणाली, "धक्का न्हाय तं न्हाय, आमदारीणबाय. आता चिखलान रुतलो तं तुमचे अण्णांना सांगा हात द्यायला!"

पुढे धक्का झाला पलीकडे. उद्घाटनाला अण्णांचे डोळे लख्ख बरे झालेले. त्यांनी सगळ्यांदेखत ह्यांचा हात धरला आणि म्हणाले, "चला जावईबापू, आज माझी पाळी. पहिला पाय तुम्ही ठेवायचा." हे रडले. मीही रडले, पण वेगळ्या कारणाने. मला परत इकडेच उतरायचं होतं!

तर बाय, आता पुढल्या खेपेला वर्ष लावू नकोस. आंबे उतरायच्या आत ये, ह्यांनाही बरं वाटेल. मी येईन चिखलात तुला हात द्यायला. फक्त एक लक्षात ठेव, "माझा हात सोडू नकोस" असं मी म्हणाले की तू तो आधी सोड. माझं ऐकून ह्या गावाचं काय झालं, ते तुझ्या पायांना लागलंच आहे!