मिसिंग आणि लॉस्ट यांच्या मधली हेमा

हेमा गेल्याचा फोन आला तेव्हा मी भिजवलेले वाल सोलत बसले होते. फोन सायलीचा, तिच्या भाचीचा. “मावशी, आत्या गेली,” एवढंच ती म्हणाली आणि मी विचारलं, “कुठं?” माझा प्रश्न तिला वेडगळ वाटला नसणार, कारण त्या घरात ‘गेला’, ‘गेली’ हे शब्द मरणासाठी कुणी वापरतच नसे. तिथं माणूस गेला म्हणजे बंदरावर गेला, बाजारात गेला, बोटीवर गेला. मग सायली हळूच म्हणाली, “दुपारी जेवून पडली होती... उठलीच नाही.” माझ्या हातातले वाल तसेच राहिले. या गोष्टीला आता दीड-दोन महिने होत आले. हेमाबद्दल चार ओळी लिहायला बसावं आणि भूतकाळातलं क्रियापद लिहायची वेळ आली की पेन खाली ठेवावं, असंच चाललं होतं.

अलिबागच्या दक्षिणेला, खाडीच्या तोंडाशी असलेल्या एका मराठी शाळेत आम्ही दोघींनी जवळजवळ सगळी नोकरी एकत्र केली. मी मराठी शिकवायची, ती इंग्रजी. कोळीवाड्यातून शिकून बाई झालेली ती पहिलीच, आणि तीही इंग्रजीची, म्हणून तिच्या आईला कोण अभिमान! बाजारात मासळी विकायला बसल्यावरसुद्धा गिऱ्हाइकाला सांगायची, माजी पोर विंग्रजीची बाई हाय. हेमानं लग्न केलं नाही. वडील लवकर वारले होते आणि धाकटा भाऊ जगदीश हिच्याच हाताखाली वाढला होता. जगू उंच, सडसडीत, चालताना डावा खांदा जरा खाली टाकून चालणारा. शाळेत रमला नाही, बोटीवर मात्र मासा पाण्यात रमावा तसा रमला. रंजूशी त्याचं लग्न झालं तेव्हा वरातीत हेमा जी नाचली, तशी नाचलेली मी तिला परत कधी पाहिली नाही.

त्यांची सायली रांगत होती तेव्हाची गोष्ट. बोट लांब, गुजरातच्या बाजूला गेली होती. पहाटे जगू खलाशांना उठवायला येईना म्हणून तांडेल, म्हणजे बोटीचा मुख्य, पुढे जाऊन बघतो तर जगूची जागा रिकामी. त्याची बनियन दोरीवर वाळत होती, चपला होत्या, तंबाखूची डबी होती. समुद्र अगदी शांत होता. पडल्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता, हाक कुणी ऐकली नव्हती. दिवसभर त्या भागात शोधून बोट परत आली. तांडेल हेमाच्या अंगणात येऊन बसला आणि वर न बघता म्हणाला, “ताई, मी जागाच होतो. मना काय आयकू आला न्हाय.” पोलिसांनी ‘बेपत्ता’ असं लिहून घेतलं. बाकीच्यांनी मनात काय लिहायचं ते लिहून टाकलं. फक्त त्याची आई ठाम होती. दर्यानं घेतला असता तर दर्यानं परत दिला असता, माजा पोर कुटं तरी हाय, असं ती म्हणायची. आणि खरोखरच किनाऱ्यावर कुठंही काही लागलं नाही.

मग ते घर एका विचित्र काळात राहायला लागलं. जगूचं ताट वाढलं जाई आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर उचललं जाई. त्याच्याबद्दल बोलताना कुणी ‘होता’ म्हणत नसे. जगूला सुकट आवडते. जगू शर्टाची वरची बटणं लावत नाही. मी जेवायला गेले की मलाही त्याच काळात बोलावं लागे, आणि परत येताना पाठीमागून कुणी येतंय असं वाटून दोनदा तरी वळून बघायची.

आमच्या वर्गांमध्ये लाकडी पार्टिशन होतं, त्यामुळे तिचा तास मला ऐकू यायचा. एकदा कुठल्याशा स्वाध्यायात गाळलेल्या जागी ‘लॉस्ट’ लिहायचं की ‘मिसिंग’, असा प्रश्न होता. मुलं म्हणाली, बाई, दोन्ही सारखंच, हरवलेलं. हेमा म्हणाली, सारखं नाही. जत्रेत एखादं पोर हरवतं, त्याला कुठं जायचं ते कळत नाही, ते रडत उभं राहतं, ते लॉस्ट. आणि शर्टाचं बटण जागेवर नसतं, ते मिसिंग. बटण कुठं आहे ते आपल्याला ठाऊक नाही. घरातच डबीत असेल. पण शर्टावर त्याची जागा असते, म्हणून ते नाही हे कळतं. मिसिंगला जागा लागते. एका मुलीनं विचारलं, “बाई, मग माणूस मिसिंग असेल तर त्याला घर माहीत असतं का?” माझ्या वर्गातली मुलंही पार्टिशनकडे बघायला लागली. मग हेमाचा आवाज आला. “असू शकतं,” ती म्हणाली आणि तास संपायच्या आतच वर्गाबाहेर पडली.

त्या उत्तराचा अर्थ मला वेरावळला कळला. जगू दिसल्याच्या बातम्या अधूनमधून यायच्या, कधी कारवारहून, कधी आणखी कुठून. गुजरातमधल्या वेरावळच्या बंदरावर तो जाळी शिवताना दिसला, असं एका खलाशानं छातीवर हात ठेवून सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीत हेमा निघाली, सोबत मी. तिथं बंदरावर बोटींची अशी दाटी की पाणी दिसत नव्हतं. आम्ही फोटो दाखवत फिरलो, माणसं मान हलवत राहिली. दुपार कलल्यावर एका धक्क्याच्या टोकाला, आमच्याकडे पाठ करून, एक उंच माणूस जाळं खांद्यावर टाकून चालत निघालेला आम्हाला दिसला. डावा खांदा जरा खाली. हेमानं माझं मनगट धरलं. तो फार तर हाकेच्या अंतरावर होता. मी हाक मारायला तोंड उघडलं तर तिनं मनगट असं आवळलं की माझा आवाजच फुटला नाही. तो माणूस एका बोटीवर चढला आणि आत दिसेनासा झाला. हेमा वळली आणि फाटकाकडे चालायला लागली. मी मागोमाग जात म्हटलं, अगं बघून तरी घेऊ. ती म्हणाली, “तो नव्हता.” आम्ही दोघींनीही त्याचा चेहरा पाहिलेला नव्हता.

या गोष्टीबद्दल ती कितीतरी वर्षं बोलली नाही. मीही विचारलं नाही, पण तो पाठमोरा माणूस माझ्याही घरात यायला लागला. बाजारात, एसटी स्टँडवर, कुणाचा खांदा जरा कललेला दिसला की मी थांबून तो वळायची वाट बघे.

आई थकली आणि एका पावसाळ्यात तिनं डोळे मिटले. त्यानंतर काही महिन्यांनी रंजू हेमासमोर येऊन बसली. ती तेव्हा एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तिथल्या मासळी आणणाऱ्या टेम्पोवाल्यानं तिला लग्नाचं विचारलं होतं, माणूस सरळ होता. मी तिथंच होते, उठायला लागले तर रंजूनंच बसवलं. ती म्हणाली, “ताई, मी बायको पन न्हाय नि रांडाव पन न्हाय. कुंकू लावताना मना आरशान बघवत न्हाय.” रंजू उठून आत गेली आणि आतून भांडी घासल्याचा आवाज यायला लागला, घासलेलीच भांडी पुन्हा.

सात वर्षं ज्याची काही खबर नाही, ज्यांना खबर असायला हवी त्यांनाही नाही, अशा माणसाला कायद्यानं मेलेला धरता येतं. तेवढी कधीच उलटून गेली होती, हेमानंच वकील गाठले. त्यांनी अर्ज इंग्रजीत तयार केला आणि त्यात जगू ‘लॉस्ट ॲट सी’ झाल्याचं लिहिलं. हेमानं तो शब्द बदलायला लावला. वकील वैतागून म्हणाले, बाई, अर्थ तोच होतो. हेमा त्यांना म्हणाली, लॉस्ट लिहिलं की समुद्रानं घेतला असं होतं, आणि ते मला शपथेवर सांगता येणार नाही. मिसिंग लिहा. तो आमच्या घरात नाही, एवढंच मला माहीत आहे.

अलिबागच्या कोर्टात साक्ष होती त्या दिवशी मी मागच्या बाकावर बसले होते. हेमानं आधी सगळं शांतपणे सांगितलं. भावाचा फोन, पत्र, निरोप काही आलं का? नाही. त्याला कुणी भेटलं का? नाही. मग न्यायाधीशांनीच चष्मा काढून विचारलं, “तुम्हाला स्वतःला काय वाटतं? तुमचा भाऊ हयात आहे?”

रंजूनं खाली मान घातली. हेमा पिंजऱ्याची कड धरून उभी होती. “वाटतं, साहेब,” ती म्हणाली. “पण माहीत नाही. आणि माझ्या वाटण्यावर हिनं किती वर्षं काढायची?”

निकाल लागला. रंजूनं लग्न केलं. सायली शाळेसाठी म्हणून आत्याकडे राहिली आणि मग तिथलीच झाली. साक्षीच्या दिवशी कोर्टातून परतताना आम्ही दोघी खाडीच्या पुलावर रिक्षा थांबवून उतरलो होतो, तेव्हा हेमा वेरावळबद्दल पहिल्यांदा आणि शेवटचं बोलली. ती म्हणाली, “मी हाक मारली असती आणि तो वळला असता, तर? जगू नसता, तर मिसिंगच राहिला असता. पण जगू असता... तर तो मिसिंगही नाही आणि लॉस्टही नाही गं. मग तो आम्हाला सोडून गेलेला. आईला मी काय सांगणार होते?” खाली भरतीचं पाणी खांबांना वळसे घालत आत चाललं होतं.

त्यानंतर ती बदलली, पण एकदम नाही. एकदा माझ्याकडे जेवताना सुकटीची चटणी वाढून घेत म्हणाली, जगूला फार आवडायची. बोलून झाल्यावर तिचा घास हातातच राहिला. मग ती जेवायला लागली.

निवृत्तीनंतर तिला किडनीच्या त्रासानं गाठलं. रो-रो बोटीनं मुंबईला जायचं, तपासण्या करायच्या, संध्याकाळी परत. डेकवर ती कधी समुद्राकडे तोंड करून बसत नसे. तिथंच एकदा तिनं मला विचारलं, ‘आय मिस यू’ला तुझ्या मराठीत काय म्हणतात? मी म्हटलं, आठवण येते. ती म्हणाली, आठवण वेगळी. मग मला आठवलं, म्हटलं, चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. ती तो शब्द तोंडात घोळवत राहिली. “म्हणजे चूक आपल्याकडेच,” ती म्हणाली आणि हसली. ते हसणं मला सहन झालं नाही, म्हणून मी चहा आणायला उठले.

तिच्या अंत्यदर्शनाला अख्खा कोळीवाडा लोटला होता. हेमा पडवीत निजलेली, कपाळ शांत, नाकात कापूस. रंजू नवऱ्याबरोबर आली, दारात थबकली, मग हेमाच्या पायांशी बसली आणि एकाएकी मोठ्यानं रडायला लागली. ती ‘ताई’ म्हणत होती आणि मधेच ‘जगू’ म्हणायला लागली. जगू रं, जगू... कुणी तिला थांबवलं नाही. बाकीच्या बायकाही त्याचं नाव घेऊन रडायला लागल्या. त्या घरातून त्याच्यासाठी कधी रडणंच निघालं नव्हतं, रडायला समोर काही नव्हतं. रंजूचा नवरा अंगणात टोपी हातात धरून उभा होता. तो आत आला आणि त्यानं जगूच्या बायकोच्या पाठीवर हात ठेवला. हे वाक्य मी असंच लिहिते आहे, कारण त्या क्षणी ती जगूचीच बायको होती. तांडेल आता फार म्हातारा झालाय. तो भिंतीला टेकून बसला होता आणि रडण्याचा तो सगळा आवाज ओठ मिटून ऐकत होता. हेमाला उचललं तेव्हा त्या घरातून, इतक्या वर्षांनी, दोन माणसं निघाली असं मला वाटलं.

परवा मी सायलीकडे गेले होते. ती अलिबागला नोकरी करते, संध्याकाळी घरी येते, एकटीच असते. आम्ही चहा घेतला, इकडचं तिकडचं बोललो. अंधार पडायला लागला तशी मी म्हटलं, पुढचं दार लावून घे गं, एकटी असतेस. सायली उठली. त्या दाराची आतली कडी गंजून घट्ट बसली होती, जगू बेपत्ता झाल्यापासून ती कुणी ओढलीच नव्हती. रात्री झोपतानासुद्धा हेमा दार नुसतं लोटून ठेवायची, ओरडलं तरी ऐकायची नाही. सायलीनं दोन्ही हातांनी जोर लावून कडी अर्ध्यापर्यंत आणली आणि थांबली. खाडीवरून वारा येत होता, दार हळूहळू आत-बाहेर होत होतं. तिनं कडी परत मागे सारली, हाताला लागलेला गंज ओढणीला पुसला आणि माझ्यासमोर येऊन बसली. “राहू दे, मावशी,” ती म्हणाली. “आत्याला आवडत नाही.”